आठ भित्री आणि एक शिडाची बोट

शेतातल्या चाळीत भरलेल्या कांद्यांचं आणि किश्श्यांचं सारखंच असतं. मधला एक ओढायला जावं, तर वरचे दहा घरंगळत पायावर येतात. आमच्या बोटीची माणसं कुठं लग्नात-बिग्नात भेटली की हेच होतं. कुणीतरी म्हणतं, "मोजा रे, आठ भरतायत का?" आणि मग पंगती उठतात, मांडववाले खुर्च्या उचलायला लागतात, तरी आमचं टोळकं काही हलत नाही.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जुन्नर-आंबेगावात शिडाची बोट? तिकडं समुद्र कुठाय?"

समुद्र नाहीये. धरण आहे. आणि आधीच सांगून ठेवते, शौर्याचे किस्से हवे असतील तर दुसरं कुणीतरी गाठा. आमचे सगळे किस्से घाबरल्याचे आहेत. त्यातही मी सगळ्यात भित्री. ओतूरची सगळी पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, आणि मला आमच्या आईनं विहिरीत नुसतं वाकूनसुद्धा बघू दिलं नाही. "आत बघितलं की विहीर ओढून घेती," म्हणायची. मी सोळा वर्षांची होईपर्यंत ते खरं धरून चालले होते. आज कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी करते, पोरांना ॲसिड हाताळायला शिकवते, तरी विहिरीपाशी गेले की दोन पावलं मागं सरकतेच.

*

नाईकरे सर नौदलातून रिटायर होऊन गावी आले. ओझरच्या अलीकडं त्यांचं शेत. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, त्याला रोज सकाळी उठून ऊस बघून करमेना. त्यांनी कुठल्याशा बंदरात मोडीत काढलेली सत्तावीस फुटी लाकडी बोट मिळवली, ट्रकवर चढवली आणि माळशेज घाटातून वर आणली. नेमका आठवडे बाजाराचा दिवस. ट्रक ओतूरच्या स्टँडसमोर अडकला तो अडकलाच. डोलकाठी आडवी ठेवलेली, तिचं टोक मागं दहा फूट बाहेर, आणि त्याला बांधलेलं लाल फडकं वाऱ्यावर उडतंय. अर्धा बाजार भोवती गोळा झाला.

गोण्या उतरवणाऱ्या एका हमालानं बोटीला दोन चकरा मारल्या. "भाऊ, हिला इंजन कुठं हाय?"

"इंजिन नाही. वाऱ्यावर चालते," सर म्हणाले.

"आन् वारा नसला तं?"

"वल्ही मारायची."

"आन् वल्ही मोडली तं?"

"मग थांबायचं."

हमाल जरा विचारात पडला. "मंग आमच्या एस्टीत आन् हिच्यात फरक काय वो, राव?"

सर ट्रकमधून खाली उतरले आणि आमच्या शाळेत फॉर्म वाटून गेले. आठ पोरं हवी होती, मे महिन्याची सुट्टी, बोट चालवायला शिकवणार. फॉर्मच्या वर एका जहाजाचा फोटो होता. तीन डोलकाठ्या, पांढरी शिडं, आणि त्या डोलकाठ्यांवर माझ्याएवढी पोरं-पोरी चढलेली. खाली लिहिलं होतं की आठांपैकी दोघांना या खऱ्या जहाजावर महिनाभर समुद्रावर पाठवलं जाईल.

मी तोवर पुण्याच्या पुढं गेले नव्हते. तो फोटो मी कापून वहीत ठेवला. इतकी हाव मला आयुष्यात दुसऱ्या कशाची सुटलेली नाही. अट एकच होती, पन्नास मीटर पोहता आलं पाहिजे. फॉर्मवर 'पोहता येते का?' या रकान्यात मी 'हो' लिहिलं. 

*

बोट पाण्यात घालायची तर तळ माहीत पाहिजे. समुद्राचे नकाशे मिळतात म्हणे, कुठं किती खोल ते छापलेलं असतं. आंबेगावातल्या आमच्या या धरणाच्या पोटात मात्र एक अख्खं गाव बुडालेलं. त्याचा तसला नकाशा कुणाकडंच नव्हता.

सरांनी अक्कल लढवली. वर डोंगराच्या उतारावर त्या गावाची नवी वस्ती आहे. तिथल्या देवळाच्या ओट्यावर मोठा कागद पसरला, पेन्सिल घेतली आणि म्हाताऱ्या माणसांना बोलावलं. प्रत्येकाला प्रश्न एकच. तुमचं घर कुठं होतं, केवढं उंच, आणि धरण भरायच्या आधी ते पाडलंत का तसंच सोडलंत? कारण बऱ्याच जणांनी घरं पाडून वासे, कौलं, सागवानी खांब वर आणले होते. ज्यांना जमलं नाही, त्यांच्या दगडी भिंती अजून पाण्याखाली उभ्या होत्या. बोट फुटली असती ती तसल्या भिंतींवर.

सखूबाई म्हणाली, "आमचं दोन मजली व्हतं. तसंच सोडलं."

शेजारचा म्हातारा लगेच म्हणाला, "हिचं दोन मजली, तं आमचं तीन."

"तीन मजली घरात शेळ्या कितव्या मजल्यावर बांधायचा रं तू?"

सर बिचारे सगळं लिहून घेत होते. संध्याकाळपर्यंत त्या कागदावर असं गाव तयार झालं की पुण्याच्या बिल्डरनं लाजावं. बुडालेल्या घराची उंची कमी सांगायला कुणीच तयार नाही. बोट न्यायला वाटच उरली नाही.

एकटे कोंडाजीबाबा गप्प बसले होते. आमच्यातल्या सोमनाथचे आजोबा, त्या वेळचे गावचे पोलीस पाटील. बाबा कायम धरणाकडं पाठ करून बसायचे. बोटीत कधी पाय ठेवला नाही, काठावरसुद्धा उतरायचे नाहीत. सरांनी विचारलं तेव्हा त्यांनी काठीच्या टोकानं कागदावर नदीचं वळण दाखवलं, गावाच्या बरंच खाली.

"हितं आमची वस्ती व्हती. आता काय न्हाई. समदं पाडून आणलं. नुसतं रान हाय."

सरांनी हुश्श केलं आणि तिथून सरळ रेघ मारली. साऱ्या नकाशात तेवढीच एक बिनधोक वाट. आम्ही तिला 'बाबांची वाट' म्हणायला लागलो. सगळ्यांना ती आवडायची, कारण तिच्यावरून जाताना कुणाला भीती वाटायची नाही.

*

त्याच नकाशानं मला पोहण्याच्या परीक्षेत पास केलं.

झालं असं की सखूबाईनं जुना एसटी रस्ता दाखवला होता. काठाला धरूनच जायचा, पाण्यात बुडालेला, पण उंचावरचा. मी मनातल्या मनात हिशेब केला. आदल्या दिवशी संध्याकाळी कपडे धुवायच्या निमित्तानं जाऊन पायांनी चाचपून आले. त्या दिवसांत रस्त्यावर माझ्या छातीएवढं पाणी होतं. आणि सरांनी परीक्षेसाठी रोवलेली दोन निशाणं अगदी त्या रस्त्याच्या दोन टोकांना.

परीक्षा लाइफ-जॅकेटशिवाय होती. सर काठावर शिट्टी घेऊन उभे. मी हनुवटीपर्यंत वाकले, हात पुढं-मागं मारले, तोंडानं फूं-फूं केलं आणि खालच्या खडीवरून पन्नास मीटर चालत गेले. मधे एका खड्ड्यात पाय गेला तेव्हा काळीज तोंडात आलं. तसंच गिळलं आणि पुढं निघाले.

"पास," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, पण मला वाटलं कौतुकानं.

बाहेर आले तर सोमनाथ दगडावर बसलेला. धरणाच्या काठावर वाढलेला पोरगा, त्याला त्या पाण्यातला दगडन्‌दगड ठाऊक. त्यानं टॉवेल दिला आणि हळूच विचारलं, "रस्ता कसा काय व्हता? खड्डे बुजवलेत का न्हाई?"

त्या दिवसापासून मला दोन गोष्टींची भीती वाटायला लागली, पाण्याची आणि सोमनाथची. पाण्यात मी जॅकेट घालून तरी उतरायचे. सोमनाथ समोर आला की तेवढीही सोय नव्हती. त्यानं कुणाला सांगितलं नाही, हे त्याचे उपकार. पण जाता-येता विचारायचा, "काय शुभांगीताई, आज पायीच का?"

*

आमच्याकडं बिबट्याचा किस्सा नसेल तर सोयरीक जमत नाही, म्हणून हा सांगते.

पहिले दोन आठवडे सर एकाच गोष्टीसाठी घसा कोरडा करायचे. "बोट सोडू नका. काहीही झालं तरी बोट सोडायची नाही." आणि आमचं लक्ष सगळं काठाकडं. जरा लाट आली की आठही जणं काठावर उडी मारायच्या तयारीत. ओतूरचा ओंकार डुंबरे तर सगळ्यात पुढं. तोंडानं लई शूर. घरचा कांद्याचा व्यापार, त्यामुळं आवाज मोठा. पण बोट कलली की देवाचं नाव घ्यायचा नाही, थेट वडिलांना हाका मारायचा.

एकदा संध्याकाळी पलीकडच्या काठाला लागलो. सर म्हणाले, "उतरा, चूल मांडा, खिचडी टाकू."

ओंकारनं एक पाय चिखलात ठेवला आणि तसाच वर घेतला. चिखलात ताजे ठसे होते, माझ्या तळहाताएवढे. आणि त्यांच्या शेजारी दोन लहान. मादी आणि पिल्लं. ठशात पाणी अजून भरत होतं.

कुणी ओरडलं नाही. आठ जणं आवाज न करता बोटीत परत बसली. मी तर मधल्या फळीखाली शिरले. वल्ही आपोआप हातात आली, बोट पन्नास फूट आत गेली आणि सगळ्यांनी कोरडे पोहे खाल्ले. काठावरच्या झुडपात काहीतरी हललं, तेव्हा ओंकारनं स्वतःहून नांगर अजून आत टाकायला लावला.

सर पोहे चावत म्हणाले, "दोन आठवडे घसा फोडतोय. बाईनं एका मिनिटात शिकवलं."

*

काजल घाटघरची. नाणेघाटाच्या तोंडाशी वाढलेली. वाऱ्याची तिला भीतीच नाही.

मे महिन्यात दुपारी वळवाच्या आधी डोंगरावरून झोत येतात. एकदा असा झोत आला आणि बोट इतकी कलली की एका बाजूनं पाणी आत यायला लागलं. शिडाचा दोर माझ्या हातात होता. सर ओरडले, "दोर सोड!" दोर सोडला की शिडातला वारा जातो, बोट सरळ होते, इतकी साधी गोष्ट. पण माझी मूठ उघडेना. खरंच सांगते, डोकं सांगतंय सोड, आणि बोटं ऐकत नाहीत. घाबरल्यावर माणूस जे हातात असेल ते धरून ठेवतं, मग तेच त्याला बुडवत का असेना.

काजलनं शांतपणे येऊन माझी बोटं एकेक करून उघडली. बोट सरळ झाली. म्हणाली, "ह्यो काय वारा हाय का? आमच्याकडं घाटात पाणी खाली ओतलं तं वर येतं."

आम्ही ठरवून टाकलं की जहाजावर पहिली जागा काजलची. मग एक दिवस जहाजाच्या ऑफिसातून सरांना फोन आला. त्यांना मुलांशी बोलायचं होतं, इंग्रजीत, तीन-चार वाक्यं. आम्ही बोटीतच होतो. सरांनी फोन काजलपुढं धरला.

काजलनं फोनकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि पाण्यात उडी मारली.

सरांनी फोनवर सांगितलं, "शी इज इन द वॉटर." पलीकडचे साहेब खूश झाले म्हणे. तिची जागा पक्की झाली, ती तेव्हा.

आता उरली एक. आणि बोटीत सुकाणू चांगलं धरत होते दोघंच, सोमनाथ आणि मी.

*

सरांना मोजायची खोड होती. बोटीत बसलो की मोजायचे, उतरलो की मोजायचे. मिसळ खायला गेलो तरी हाताचं बोट फिरवून एक, दोन, तीन, थेट आठपर्यंत. एसटीत आम्ही खिडकीशी बसलेलो असताना मागच्या सीटवरून मोजायचे, लोक बघायचे.

ओंकार वैतागला. "सर, आम्ही काय शेळ्या आहोत का? सारखं काय मोजता?"

सर चहा ओतत होते. किटली खाली ठेवली. "जहाजावर असताना एकदा आठ जणांना मोजलं तर सात भरले."

"मग?"

"मग परत मोजलं. सातच."

  त्यानंतर सर मोजायला लागले की ओंकार स्वतःहून हात वर करायचा.

*

मेच्या शेवटी आमची परीक्षा होती. आठही पोरांनी सरांशिवाय बोट न्यायची, बाबांच्या वाटेनं पलीकडं जाऊन परत यायचं. सर छोट्या मोटरबोटीतून मागं, जरा अंतर ठेवून. सुकाणू कोण धरणार? सरांनी माझं नाव घेतलं. जाताना मी, येताना सोमनाथ. दोघांत जो चांगला, तो काजलबरोबर जहाजावर.

त्या वर्षी धरण कधी नव्हे इतकं उतरलं होतं. काठाला चिखलाचे पट्टे, मधेच झाडांचे बुंधे वर आलेले. पण बाबांच्या वाटेवर स्वच्छ निळं पाणी. मी सुकाणू धरलं. वारा मागून, शीड पूर्ण भरलेलं. मी पहिल्यांदाच घाबरले नव्हते. खोटं बोलून का होईना, आपण इथवर आलो, असं मनात येत होतं. वहीतला फोटो डोळ्यांपुढं होता.

आणि खालून आवाज आला. दगडावर लाकूड आपटल्याचा.

बोटीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, बोटीनं तोल धरावा म्हणून. ती कशावर तरी आदळली. बोट जागच्या जागी थांबली. वारा थांबला नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. आभाळ आडवं झालं आणि नाकातोंडात पाणी गेलं.

जॅकेटनं मला वर आणलं. मी डोळे मिटून हातपाय झाडत होते. मला पोहता येत नव्हतं, मग मी सवयीनं तेच केलं जे मला येत होतं. पाय खाली सोडले.

पाय टेकले.

धरणाच्या मधोमध, जिथं नकाशात नुसतं रान आणि पंचवीस फूट पाणी लिहिलेलं, तिथं मी छातीभर पाण्यात उभी होते. पायाखाली गुळगुळीत दगड, दोन हात रुंद. दोन्ही बाजूंना पाय सरकवला तर काहीच नाही. मी भिंतीवर उभी होते.

मोटरबोटीचा आवाज जवळ आला आणि सरांचं मोजणं ऐकू आलं. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात." जरा थांबून परत पहिल्यापासून. "सात."

त्यांचा तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. ओंकारचा हात वर नव्हता.

शीड पाण्यावर पसरून पडलं होतं. त्याच्या मधोमध एक फुगवटा हलत होता. ओंकार खाली अडकला होता, जॅकेट त्याला वर ढकलतंय आणि वर ओलं शीड. सोमनाथ आणि काजल शीड उचलायला धडपडत होते, पण तरंगणाऱ्या माणसाला जोर कुठून मिळणार? शीड वर ओढलं की तेच खाली जायचे.

पाय टेकलेली एकटी मी होते. भिंत शिडाच्या दिशेनं जात होती. मी चालत गेले. पाऊल चुकलं तर खाली पंचवीस फूट, हे मला ठाऊक होतं, आणि मी रडत रडत एकेक पाऊल टाकत गेले. शिडाची कड खांद्यावर घेतली आणि भिंतीला पाय रोवून उभी राहिले. खालून ओंकार बाहेर आला. कपाळ फुटलेलं, ओठ निळे. खोकला, ओकला आणि वडिलांना हाक मारली. ती ऐकून सगळी रडायला लागली.

सरांनी एकेकाला मोटरबोटीत ओढलं. मग मला म्हणाले, "ये पोहत. पंधरा फूट तर आहे."

मी हलले नाही. "सर, मला पोहता येत नाही."

"माहीत आहे. परीक्षेला बाहेर आलीस तेव्हा तुझी डोक्यावर बांधलेली वेणी कोरडी होती."

माझा हात आपोआप वेणीकडं गेला.

"वाटलं होतं, स्वतः येऊन सांगशील," सर म्हणाले. "वाट बघत राहिलो आणि तरी सुकाणू दिलं. माझीही चूक आहे ती." त्यांनी दोर टाकला. मला वर घेतलं, परत मोजलं. आठ भरले तेव्हा तोंड फिरवून बसले.

जहाजावर काजल आणि सोमनाथ गेले. सरांनी मला समोर बसवून ते सांगितलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी घरी येऊन वहीतला फोटो काढला. फाडवला नाही, पण परत वहीतही ठेवला नाही.

*

आता शेवटचा.

बोट उलटली त्याच संध्याकाळी सोमनाथनं घरी जाऊन बाबांना विचारलं, "बाबा, तुमी तं म्हनला व्हता, काय न्हाई." बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आठवड्यानं आम्ही बोट दुरुस्त करत होतो, तर काठी टेकत ते काठावर उतरले. बाबा आणि काठावर! त्यांच्यामागून निम्मी वस्ती.

आधी ते ओंकारपाशी गेले. त्याच्या कपाळाच्या पट्टीवर हात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"म्या पाटील व्हतो. म्याच दारोदार जाऊन सांगितलं, घरं पाडा, लाकूड वाचवा, रडत बसू नका. माजी पाळी आली तवा कवलं काढली, वासं काढलं. मागच्या भिंतीला हात लागंना. तशीच सोडली आन् तुमाला सांगितलं, समदं पाडलं. ह्या सरालाबी तेच सांगितलं. पोरगं जात व्हतं माज्यामुळं."

सखूबाई म्हणाली, "आमची तं जोत्यापासनं उपटाया लावली व्हती, पाटील."

"लावली व्हती," बाबा म्हणाले. "त्याचीच लाज वाटत व्हती."

 बाबा सरांकडं वळले. "मला तितं न्या."

सरांनी त्यांना जॅकेट घातलं, धोतरावर नारिंगी जॅकेट. मला म्हणाले, "तूही चल. जागा तुलाच माहीत आहे." मला परत तिथं जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

मोटरबोटीत बाबा माझ्याशेजारी बसले. दोन्ही हातांनी कड धरलेली, नखं पांढरी पडलेली. मान खाली.

"पोरी, पवता येतं का तुला?"

"नाही, बाबा."

"मलाबी न्हाई," ते म्हणाले, आणि कडेचा एक हात सोडून त्यांनी माझा हात धरला. कोण कुणाला धीर देत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

पाणी अजून उतरलं होतं. भिंत आता वरूनच दिसत होती, गुडघाभर पाण्याखाली, शेवाळानं हिरवी. सरांनी इंजिन बंद केलं. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी एक पाय कडेवरून बाहेर टाकला. माझा हात त्यांच्या हातात, त्यामुळं मीही ओढली गेले. दोघं भिंतीवर उभे. चारी बाजूंना धरण, काठ लांब.

सरांचा धीरच सुटला. बोट हलत होती, त्यांना पुढं येता येईना. "बाबा, हलू नका! शुभांगी, त्यांना धर, घट्ट धर!"

बाबांनी माझा हात सोडवून घेतला. काठी नाही, आधार नाही, पाठ एकदम सरळ. तीन-चार पावलं चालत पुढं गेले, एका जागी थांबले आणि तिथून वळून म्हणाले,

"पोरीला धरा, सर. मी घरीच हाय."